कोर्नमेसरांना घेऊन लातूरच्या मोंढ्यात

नांदेडच्या स्टेशनावर सकाळी उतरले तेव्हा माझ्याबरोबर दोन बॅगा, लाडवांचा एक डबा आणि दारातून वाकून बाहेर पडणारा एक उंच जर्मन मुलगा होता. बॅगांची आणि डब्याची मला काळजी नव्हती.

मुलाचं नाव योनास, आडनाव कोर्नमेसर. माझ्या केतकीशी त्याचं लग्न ठरलं आहे, म्हणजे त्या दोघांनी ठरवलं आहे. केतकी तिकडेच नोकरी करते आणि तिला रजा लग्नापुरतीच मिळणार होती, म्हणून तो एकटाच पुढे आला. तो आला तो आबांना भेटायला. आबा हे माझे थोरले दीर. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. केतकीने फोनवर स्पष्ट सांगून टाकलं होतं, "बाबांच्या जागी आबा उभे राहणार असतील तर पुण्यात लग्न. नाहीतर आम्ही इथे कचेरीत सह्या करतो, तू फोटो बघ." ही मुलगी बोलली की बोलली. आबांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "पोरगं घेऊन ये. बघतो मी." त्या 'बघतो'ने माझी महिनाभर झोप उडवली होती.

खरी भीती मला होती ती आडनावाची. आमच्याकडे नवं माणूस दारात आलं की पाण्याच्या तांब्याआधी आडनाव विचारतात, आणि आबा तर आडनावावरून माणसाची तीन पिढ्यांची कुंडली मांडतात. म्हणून केतकीने योनासच्या आत्याने लिहिलेला त्यांच्या कुळाचा वृत्तांत मराठीत करून मला पाठवला होता. आठ पानं होती. गाडीत मी ती तिसऱ्यांदा वाचली.

कोर्न म्हणजे धान्य आणि मेसर म्हणजे मोजणारा. जुन्या काळी त्यांच्या नदीकाठच्या गावात होड्यांतून आणि गाड्यांतून धान्य यायचं. गावाने नेमलेल्या माणसाने ते मोजल्याशिवाय कुणाला विकता यायचं नाही. हात वर करून शपथ घेतल्यावरच त्या माणसाला माप मिळायचं. माप लाकडी, लोखंडी पट्टी मारलेलं, त्यावर गावाचा शिक्का डागलेला. राय नावाचं त्यांचं धान्य भरलं की वरून काठी फिरवून सपाट करायचं, ओट मात्र शीग लावून द्यायचे. गावात चार पेटर असले की त्यातला मोजणारा पेटर कोणता ते कळावं म्हणून धंदा नावाला जोडला गेला आणि पुढे चिकटलाच. नातू शिंपी झाला तरी कोर्नमेसरच राहिला. आपल्याकडे कुठे वेगळं आहे? सगळे कुलकर्णी आता काय दप्तर लिहितात?

नावाजलेल्या मंडळींवर आत्याने अख्खं पान खर्च केलं होतं. एकाने चर्चच्या घंटा ओतल्या होत्या. मार्गारेटे नावाच्या एका कोर्नमेसरीण बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात मुलींची शाळा काढली. एक जण जहाजावर डॉक्टर होऊन ब्राझीलला गेला आणि एक पोपट घेऊन परत आला. हे सगळं सांगण्यासारखं होतं. पण सातव्या पानावर यॉर्ग होता. धान्याच्या टंचाईत त्याने आपल्या भावाला माप चढतं दिलं. ते उघडकीला आलं, चौकात त्याचं माप फोडलं आणि त्याला बायकापोरांसकट गावाबाहेर काढलं. असलं कुणी लिहून ठेवतं का? आपल्याकडे ते पान पहिल्याच पिढीत उंदरांनी खाल्लं असतं.

आता माझ्या सासरचं सांगते, म्हणजे मी एवढी का घाबरले होते ते कळेल. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आणि मोंढ्यात शेतकऱ्याचा माल मोजणारा तो मापाडी. माझे सासरे अण्णा फार वर्षांपूर्वी तूर घेऊन लातूरच्या मोंढ्यात गेले होते. तेव्हा पायलीने माप व्हायचं. मापाड्याने पायलीच्या काठावर अंगठा आडवा धरला आणि दर पायलीला चिमूट चिमूट तूर जास्त घेतली, असं अण्णा बोलले. मोंढ्याने उलट अण्णांनाच खोटं पाडलं. अण्णा त्यानंतर मरेपर्यंत मोंढ्याची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात मापाडी ही शिवी आहे. पत्त्यांत कुणी पान लपवलं तरी आबा ओरडतात, "मापाडी हायस का रे?" आणि मी त्याच घरात मापाडी आडनावाचा जावई घेऊन निघाले होते.

नांदेडला अक्का राहतात, माझ्या थोरल्या नणंद. रिक्षावाल्याने योनासकडे आरशातून तीनदा बघितलं आणि शेवटी मला विचारलं, "मॅडम, ह्यांना तिखट चालतंय का?" मी म्हटलं, चालवून घेतात. "मग काय फिकीर न्हाई," तो म्हणाला. त्याच्या फिकिरी फार थोड्या असाव्यात.

अक्कांनी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्या) आणि घट्ट दही पुढे ठेवलं. योनासने पाच खाल्ले. त्यामुळे अक्का लगेच त्याच्या बाजूच्या झाल्या, पण आडनावाचा अर्थ ऐकल्यावर त्यांनीही कपाळाला हात लावला.

"अगं बाई. हे आबाला सांगू नको. बंदूकच काढंल."

"त्यांच्याकडे बंदूक कुठे आहे?"

"आणंल कुठून तरी. तू सांग, कोठावळे हायत म्हणून. धान्याचं कोठार सांभाळणारे. लई मोठं घर वाटतं."

मला ते एकदम पटलं. इतकं पटलं की आधी का सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. योनास पुण्याच्या क्लासमध्ये शिकल्यासारखं सावकाश, शुद्ध मराठी बोलतो. तो म्हणाला, "काकू, मी खोटं बोलणार नाही. पण तुमची इच्छा असेल तर मी गप्प बसेन." मी म्हटलं, तेवढं पुरे आहे. त्याचा चेहरा उतरला होता, पण मला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघायला वेळ नव्हता.

योनास पाण्याचा इंजिनिअर. विष्णुपुरीचं धरण बघितल्याशिवाय तो हलणार नव्हता. गोदावरी तिथे अडवलेली आहे आणि हिवाळ्यात पाणी शांत पसरलेलं असतं. काठावर बाया धुणी धूत होत्या, पलीकडे उसाचा हिरवा पट्टा. योनास दरवाजे मोजत होता आणि मी घड्याळ बघत होते. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, आमची एस.टी. चुकली आणि नेमका तेव्हाच आबांचा फोन आला.

"गावाकडं येऊ नका. मी तूर घेऊन लातूरला निघालोय. मोंढ्यातच या."

मी फोन ठेवला आणि तिथल्याच कठड्यावर बसले. सगळ्या महाराष्ट्रात जी एक जागा मला नको होती, तिथेच भेट ठरली होती.

पुढच्या एस.टी.त आम्हाला मागची सीट मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर आलं. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, मध्येच हरभऱ्याचे बुटके पट्टे, आणि तुरी कापून झालेली उघडी काळी रानं. एरवी मी हे बघत सुखाने गेले असते. शेजारी हदगावकडचे एक धोतरवाले आजोबा होते. त्यांनी योनासच्या बुटांपासून केसांपर्यंत सावकाश पाहणी केली.

"पावनं कंच्या गावचे?"

"जर्मनीचे," मी म्हटलं.

"हाव का. आडनाव?"

योनासने खिडकीबाहेर बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोठावळे."

"आरं तिच्या! आमच्या शेजारच्या गावात हायत की कोठावळे. सात-आठ घरं. ह्यांची भावकीच म्हणायची! थांबा, नंबर हाय माझ्याकडं."

त्यांनी खरंच फोन काढला. मी घाईघाईने सांगितलं की हे कोठावळे वेगळे, फार लांबचे. ते म्हणाले, लांबचे म्हणजे किती लांबचे, मूळ गाव तर एकच असंल ना? अहमदपूर ते चाकूर हा सगळा रस्ता मी एका जर्मन घराण्याचं मूळ गाव शोधत घाम पुसत होते. एक खोटं असं लगेच भावकी जमवायला लागलं. आजोबा चाकूरला उतरले तेव्हा योनासला नमस्कार करून म्हणाले, "या एकदा तुमच्या लोकांत." योनास लालबुंद झाला.

लातूरच्या मोंढ्यात पोचेपर्यंत दुपार कलली होती. ट्रकची रांग, हमालांची आरडाओरड, हवेत तुरीची धूळ, पत्र्याच्या शेडखाली पिवळ्या-तांबूस राशी. आबा आडतीच्या (दलालाच्या पेढीच्या) ओट्यावर पोत्याला टेकून बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. पंचाहत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. योनास त्यांच्या पाया पडला, बऱ्यापैकी नीट पडला.

"बस. आडनाव काय म्हणालास?"

योनासने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कोठावळे म्हणायचं आपल्याकडे, आबा. धान्याची कोठारं होती त्यांची."

आबा "हं" म्हणाले. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले असं मला वाटलं, पण घाबरलेल्या माणसाला तसं वाटतंच.

सौदा आधीच झाला होता, वजन राहिलं होतं. आता पायली नाही, इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण काट्यामागे बसतो तो अजून मापाडीच. हा किसन नावाचा चाळिशीचा माणूस होता. आबा उठून त्याच्यासमोर उभे राहिले. "आधी रिकामा काटा दाव." त्याने दाखवला. आबांनी योनासला जवळ ओढलं. "हे बघ, कोठावळे. माल कोन बी बघतं. आपण शून्य बघायचं. काटा रिकामा असताना शून्य नसंल तर पुढचं समदं खोटं." योनासने मान डोलावली. इंजिनिअरला हे फार आवडलं असावं. माझाही जीव थोडा भांड्यात पडला. आबा कुणाला जवळ ओढून काही शिकवतात हे मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

माप सुरू झालं. पहिल्या कट्ट्याला (पन्नास किलोच्या पोत्याला) 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ," किसन म्हणाला. मग दोन, तीन. माप चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. हमाल कट्टे ठेवत होते, उचलत होते. शेजारी खरेदीदाराच्या पोत्यांची थप्पी होती. सहाव्या-सातव्या कट्ट्याच्या सुमाराला त्यातलं एक पोतं घसरलं आणि त्याचा कोपरा काट्याच्या पाटावर टेकला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला योनासचा चेहरा बघून कळलं की काहीतरी झालं आहे.

कट्टा उचलला होता, काटा रिकामा होता आणि आकड्यावर शून्य नव्हतं. दोन किलोच्या वर काहीतरी होतं. म्हणजे आता प्रत्येक कट्टा आबांच्या बाजूने जास्त भरत होता. किसन वहीत खाली मान घालून होता. योनासने आबांकडे बघितलं. आबा शेडच्या छपराकडे बघत होते.

आबांना दिसलं नसेल असं मी स्वतःला समजावून बघितलं. जमलं नाही. सबंध आयुष्य ज्या माणसाने शून्य बघितलं, तो आज पत्रे बघत होता. मी मनातल्या मनात योनासला म्हणत होते, गप्प बस रे बाबा, तू म्हणाला होतास ना गप्प बसेन. किसन म्हणाला, "अकरा."

"क्षमा करा," योनास म्हणाला. त्याचा आवाज त्या शेडमध्ये केवढा तरी मोठा वाटला. "शून्य नाही आहे. हे पोतं काट्याला टेकलं आहे. आबांचं वजन जास्त होत आहे."

हमाल थांबले. शेजारच्या दोन आडतींवरून माणसं बघायला आली. कुणीतरी हसलं, "जावईच वाकडं बोलून राहिला!" किसनने वाकून पोतं बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "आयला, सांजच्याला तूट निघाली असती तर माझ्याच अंगावर आली असती," तो पुटपुटला. आबांचे कान लाल झाले होते. मला वाटलं संपलं. आता केतकी सह्या करणार आणि मी फोटो बघणार.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोतं काढ," ते म्हणाले. "पयल्यापासून घे."

"आबा, एकदा लाभ म्हणलोय. सातव्यापासून घेऊ की."

"पयल्यापासून," आबा म्हणाले, आणि पहिला कट्टा काट्यावर आला तेव्हा 'लाभ' किसनने नाही, त्यांनीच म्हटलं.

चाकूरजवळच्या आमच्या गावाकडे आम्ही टेंपोतून निघालो. आबा ड्रायव्हरशेजारी, मग योनास, मग मी दाराला चिकटून. लातूर मागे पडलं. मग आबांनी समोर बघतच विचारलं, "कोठावळे न्हाईस ना तू?"

"नाही. कोर्नमेसर."

"म्हंजे?"

योनासने माझ्याकडे बघितलं. अर्थाबद्दल गप्प राहायचा शब्द त्याने मला दिला होता. बोलायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "मापाडी, आबा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

आबा माझ्याशी काहीच बोलले नाहीत. योनासला म्हणाले, "सांग तुझ्या लोकांचं." आणि या मुलाने घंटा सांगितल्या नाहीत, शाळा सांगितली नाही. सातवं पानच सांगितलं, यॉर्गचं. भावाला चढतं माप दिलं, चौकात माप फुटलं, गाव सुटलं. "आमच्या घरात प्रत्येक मुलाला ही गोष्ट सांगतात," तो म्हणाला. "आजोबा म्हणायचे, चांगले लोक आपोआप लक्षात राहतात. यॉर्गला मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं."

आबांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. मला वाटलं आम्हाला उतरवतात. पण ते स्वतः उतरले, बांधावर बसले, योनासला समोर बसवलं आणि बोलायला लागले. मी टेंपोपाशीच उभी होते, तरी सगळं ऐकू येत होतं.

"अण्णांसंगं मोंढ्यात त्या दिवशी मी होतो. मिसरूड फुटलं होतं, लहान नव्हतो. मापाड्याचा अंगठा मी बघितला होता, ह्या डोळ्यांनी. अण्णा समद्यांपुढं म्हणले, माझ्या पोराला विचारा, त्यानं बघितलंय. आडत्या माझ्याकडं बघून राहिला. दर साली पेरायला बी त्याच्याकडूनच यायचं. मी म्हणलो, म्या न्हाई बघितलं."

वारा होता, पुढचं थोडं निसटलं. मग पुन्हा ऐकू आलं.

"अण्णा घरी आले, जेवले. मला एक शब्द बोलले न्हाईत. शिवी न्हाई, थोबाडीत न्हाई. त्या गोष्टीचं मरेस्तवर बोलले न्हाईत. मी मापाड्यांना शिव्या देत बसलो."

योनासला सगळे शब्द कळले नसतील. पण तो उठला नाही, त्यांच्यासमोर बसून राहिला. मी कित्येक वर्षं या घरात सून आहे. ही गोष्ट माझ्या नवऱ्याला तरी ठाऊक होती का, कोण जाणे.

घरी त्या संध्याकाळी जाऊबाईंनी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. योनासने त्या सालासकट खायला सुरुवात केली आणि सगळे हसले. मी हसले नाही. आबा योनासशी बोलत होते, त्याला बैल दाखवत होते, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताट वाढलं तर घेतलं, पाणी दिलं तर प्याले, पण शब्द नाही. सकाळीही तसंच. लग्नाला येणार का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. अण्णा कसे गप्प राहिले ते कालच ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही पाळी माझी.

लातूरची गाडी पकडायला आबा चाकूरच्या स्टँडपर्यंत आले. गाडी लागली, योनास बॅगा वर चढवत होता. मी पाया पडले आणि वळले.

"थांब," आबा म्हणाले.

मग त्यांनी मला झापायला सुरुवात केली. भर स्टँडवर, कंडक्टर, पेरूवाली, शाळेच्या पोरी, सगळ्यांच्या देखत. "लाज वाटली न्हाई तुला? माझ्या तोंडावर खोटं? मी काय राक्षस हाय? मापाडी तर मापाडी, सांगायचं होतं! वसंता असता तर त्यानं खपवून घेतलं असतं का?" माझ्या यजमानांचं नाव त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा घेतलं. कंडक्टरने घंटी मारली तर त्यालाही दरडावलं. "थांब रे, बोलून राहिलोय न्हवं!" माझे डोळे वाहायला लागले आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. सुटका झाल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "आणि पत्रिकेत कोठावळे-बिठावळे छापलंस तर बघ. हाय ते छापायचं. माझं नाव वसंताच्या जागी." मग ते थांबले, दमले होते. "जा आता. गाडी खोळंबलीय."

गाडी स्टँडबाहेर पडली तेव्हा योनासने काळजीने विचारलं, "काकू, आबा तुमच्यावर फार रागावले का?"

"फार," मी म्हटलं आणि पदराने तोंड पुसलं. "समोर उभं करून, तोंडावर रागावले."